दुसऱ्याच देशाची पाटी

गौरी दुसऱ्याच देशाच्या पाटीमागे बसली होती. मी आधी चष्मा पुसला, मग लॅपटॉपचा पडदा पुसला, आणि मग मुकाट्यानं मान्य केलं की आता पुसायचं काही उरलेलं नाही. लंडनमधलं ते सभागृह, अर्धगोलात मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर देशाच्या नावाची पाटी आणि पाटीमागे त्या देशाची माणसं. भारताची पाटी मी केव्हाच हेरून ठेवली होती. तिच्यामागे काळ्या कोटातले दोन गृहस्थ आणि चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेल्या एक बाई होत्या. गौरी उशिरा येईल, बाहेर कुणाशी बोलत असेल, कागद आणायला गेली असेल, असं मी स्वतःला समजावत होतो, तोवर कॅमेरा सावकाश दुसऱ्या टोकाला सरकला आणि तिथं ती दिसली. आईनं दिलेली वांगी रंगाची साडी, कानाला भाषांतर ऐकायचं यंत्र, हातात पेन. समोरच्या पाटीवरचं नाव मला दोनदा वाचावं लागलं. शाळेतल्या नकाशात पॅसिफिकच्या निळ्या भागावर माशी बसून गेल्यासारखे ठिपके असायचे, त्यातला एक ठिपका. कॅमेरा पुढे गेला. मी मात्र तिथंच राहिलो.

दुसरा कुणी बाप असता तर लेक जगाच्या सभेत बसलेली पाहून त्याचा ऊर भरून आला असता. माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘बनाव’. याला माझा इलाज नाही. यवतमाळ-दिग्रसच्या दिवाणी कोर्टांत मी आयुष्य घालवलं, तेही धुऱ्याच्या भांडणांत. दोन शेतांमधली ती हातभर पडीक पट्टी, तिच्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, आणि दोघंही शपथेवर खोटं बोलतात. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा होता, आणि संध्याकाळी कोट खुंटीला टांगला तरी तो काही अंगावरून उतरायचा नाही. भाजीवाल्यानं ‘ताजी आहे’ म्हटलं की मी ‘कधीपासून?’ असं विचारतो. कुंदा, माझी बायको, म्हणते की लग्नाच्या पहिल्या महिन्यातच मी तिची उलटतपासणी घेतली होती. असेल. मला आठवत नाही, आणि तिच्या आठवणीवर मी किती विश्वास ठेवावा हा वेगळाच मुद्दा आहे.

वकिलाच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. ज्याचं वकीलपत्र घेतलं त्याच्या बाजूला बसायचं. दुपारच्या सुट्टीत समोरच्या वकिलाबरोबर चहा प्या, त्याच्या स्कूटरवरून घरी या, पण कोर्टात बाजू बदलायची नाही. गौरीला हे लहानपणापासून ठाऊक आहे. आणि इकडे वकील संघाच्या हॉलमध्ये रविवारी तिचा सत्कार ठरला होता. संघाचा सचिव अभिषेक, माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा, त्यानं ग्रुपवर टाकलं होतं की आपल्या वामनरावांची कन्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या बैठकीत भारताच्या शिष्टमंडळात जाणार. ते मी त्याला सांगितलं होतं का? ती बैठकीला जाणार आहे एवढं सांगितलं होतं. कुणाकडून, हे ना मी विचारलं, ना त्यानं. आपली पोरगी आपल्याच देशाकडून जाणार, यात विचारण्यासारखं काय आहे? आता आठवून पाहिलं तर तो मजकूर मी कुंदाला मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा ती फक्त ‘बरं’ म्हणाली होती. एवढी मोठी बातमी आणि ‘बरं’! तेव्हाच माझ्या कानात काहीतरी खडखडलं होतं.

कॅमेरा पुन्हा फिरून तिच्याकडे आला. या वेळी मी तिच्याकडे पाहिलंच नाही, शेजारच्याकडे पाहिलं. धिप्पाड, काळासावळा, कोटाखाली फुलाफुलांचा शर्ट घातलेला, केस मागे बांधलेला माणूस. कुणीतरी भाषण करत होतं. त्या माणसानं पाण्याची बाटली उघडली, गौरीचा पेला भरला, तिच्या हाताशी सरकवला, आणि गौरीनं न बघता तो उचलून तोंडाला लावला. आभार नाही, मान हलवणं नाही. न बघता. परक्या माणसानं पाणी दिलं तर आपण बघतो. पेला कुठं असणार हे आपल्या हाताला ठाऊक असतं ते घरच्या माणसांच्या बाबतीत. कुंदानं त्याच घटकेला माझ्या कोपराशी चहा आणून ठेवला होता आणि मी तो न बघताच उचलला होता, हे माझ्या ध्यानात आलं आणि चहा कडू झाला.

मग एकेक गोष्ट मनात येऊन उभी राहू लागली. फ्रीजमधले नारळाच्या दुधाचे डबे. आमच्या घरी नारळ देवापुढे फुटतो आणि चटणीत जातो, त्याचं दूध काढून त्यात काही शिजवायची रीत आमच्या सात पिढ्यांत नाही. मागच्या आठवड्यात डबे दिसले तेव्हा ‘हे कशाला?’ असं मी विचारलं, तर कुंदा म्हणाली, “ऑफर होती.” कुंदा आयुष्यात कधी ऑफरला भुललेली नाही. मग गौरीची खोली. रंग देऊन झाला होता, ठीक. पण पलंग बदलला होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून एका सुताराकडून मोठा, लांब पलंग करून आणला होता. “गौरी काय उंच झाली का एवढ्यात?” असं मी गमतीनं विचारलं होतं. कुंदा हसली नव्हती. मी तेव्हा त्यातून काहीच काढलं नाही. घरात मी निवृत्त आहे, असं मी मानून चालत होतो. तीच माझी चूक झाली.

मी अभिषेकला फोन लावला. म्हटलं, रविवारचं बॅनर छापायला गेलं असेल तर थांबव, मजकुरात दुरुस्ती आहे.

“थे ‘भारताच्या’ काढाचं ना, सर?” तो म्हणाला. “काढलं ना. काकूंचा परवाच फोन आलता मले. आता नुसतं ‘आंतरराष्ट्रीय बैठकीत’ एवढंच ठेवलं आहे. तुम्हालाच विचारून करून राहिल्या असतील, म्हणून मी काही बोललो नाही.”

“हो,” मी म्हटलं. “माझ्याच सांगण्यावरून.” फोन ठेवला. शपथेवर नसलो तरी खोटं ते खोटंच.

कुंदा ओट्याशी तुरीच्या डाळीला फोडणी देत होती. मी दारात उभा राहिलो. कोर्टात मी कधी आवाज चढवला नाही, उलटतपासणी ही हळू आवाजात करायची असते. मी विचारलं, “गौरी कोणत्या देशाकडून गेली आहे?”

तिनं गॅस बारीक केला. “पाहिलं वाटतं तुम्ही.”

“मी विचारतो त्याचं उत्तर दे.”

“तुम्ही पाहिलं ना? मग मले काहून विचारता?” ती म्हणाली. “त्या देशाकडे माणसंच नाहीत. कायद्याचे लोक बाहेरून घ्यावे लागतात त्याहीले. ती तिकडे शिकवते ना, त्या विद्यापीठाला विचारलं, ती हो म्हणाली. यात चोरी काय आहे?”

“चोरी नाही तर लपवलं कशाला?”

“कारण तुम्ही विचारलं असतं,” कुंदा म्हणाली. “किती पैसे देतात, कोण देते, आपल्या सरकारला चालते का, उद्या नोकरीवर बेतेल का. ती म्हणे, एकदा माझं बोलणं होऊन जाऊ दे आई, मग बाबांचे सगळे प्रश्न घेते. तुमच्या प्रश्नांनी माणूस खरं बोलत असला तरी खोटा पडते हो. मी पडली आहे.”

“आणि तो शर्टवाला?”

तिनं फोडणी डाळीवर ओतली. “ते तिचं तिले सांगू द्या,” एवढं म्हणून तिनं झाकण ठेवलं.

मला भीती वाटली. रागाला मी ओळखतो, राग आला की माझे कान तापतात, हे तसं नव्हतं. या घरात माझ्या पाठीमागे एक सगळं घर उभं राहिलं होतं, त्यात पलंग आला होता, डबे आले होते, माणूस आला होता, आणि मी एकटाच बाहेर ओट्यावर बसलेला होतो. मुलगी जाते, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण जाताना ती सांगून जाते, बाप दारापर्यंत पोचवतो, अशी माझी समजूत होती. ही तर गेली होती केव्हाच, आणि मी तिला बैठकीला पोचवलं म्हणून ग्रुपवर लोकांचे अंगठे मोजत बसलो होतो.

पुन्हा लॅपटॉपसमोर येऊन बसलो तर अध्यक्षांनी त्या ठिपक्याएवढ्या देशाचं नाव पुकारलेलं होतं, आणि बोलत होती गौरी. मी आवाज वाढवला. तिचं इंग्रजी तिकडचं झालं आहे, पण मुद्दा मांडताना डाव्या हाताची बोटं टेबलावर एकेक करून टेकवायची सवय माझी आहे. प्रश्न असा होता. समुद्रातली हद्द मोजतात ती किनाऱ्यापासून. अमुक मैलांपर्यंत मासे तुमचे, तळाखालची खनिजं तुमची. आता समुद्र चढतो आहे आणि काही बेटांचा किनाराच पाण्याखाली चालला आहे. किनारा बुडाला की हद्दही बुडाली असं मानायचं, की एकदा ठरलेली हद्द कायम धरायची? मला, खरं सांगतो, विषय कळला आणि क्षणभर बाकी सगळं विसरायला झालं. हा तर धुऱ्याचाच दावा. मी मनातल्या मनात समोरच्या बाजूचा युक्तिवादही तयार केला. जमीनच नाही तर हक्क कशाचा? हक्क काय हवेत लोंबकळतो?

आणि मग गौरी म्हणाली, मी ज्या जिल्ह्यातून येते तिथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. माझे वडील वकील आहेत. लहानपणी त्यांच्याबरोबर मी एक बुडालेलं गाव पाहिलं.

माझा हात आपोआप झाकणाकडे गेला, लॅपटॉप मिटून टाकायला. माझी केस. माझी, दिग्रसच्या कोर्टातली, त्या फुलांच्या शर्टाशेजारी बसून, जगातल्या सगळ्या देशांपुढे, मला न विचारता!

सोनडोह. धरणात गेलेलं गाव. माणसं उठवून वर माळावर नेऊन बसवली, त्या वस्तीचं नावच ‘पुनर्वसन’ पडलं. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनी जमीन उघडी पडते, ओल्या गाळाची, काळी, लोण्यासारखी, आणि लोक खाली उतरून तिच्यात कलिंगड, काकडी, भुईमूग पेरतात. त्या गाळपेरीवरून दोघांत दावा लागला. सेवादास माझा पक्षकार, नानाजी समोरचा. जमीन केव्हाच सरकारजमा झालेली, तरी दोघांचं म्हणणं आपापल्या जुन्या धुऱ्याचं. मी नानाजीला पिंजऱ्यात विचारलं होतं, “गाव कोणतं?”

“सोनडोह.”

“राहता कुठं?”

“पुनर्वसनात.”

“म्हणजे सोनडोहला राहत नाही?”

“कसा राहीन साहेब? पाण्यात आहे ना थे.”

“मग गाव सोनडोह कसं सांगता?”

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. उत्तर सुचत नव्हतं असं नाही, मला हे ठाऊक कसं नाही याचंच त्याला नवल वाटत असावं. “गाव थेच असते ना, साहेब,” तो म्हणाला. “राहाचं काय, कुठीबी राहा लागते.” मी कोर्टाकडे वळून म्हटलं होतं, साक्षीदाराच्या बोलण्यात विसंगती आहे, नोंद घ्यावी.

मे महिन्यात जागेची पाहणी ठरली. गौरीला शाळेची सुट्टी होती, घरी कंटाळली होती, म्हणून गाडीत घातली. धरणाच्या पोटात उतरलो तेव्हा नुसता भेगाळलेला गाळ, ना भिंत ना झाड, मैलभर सपाट. शेतं पलीकडच्या टोकाला. मी सरळ चालू लागलो. सेवादास आणि नानाजी मात्र, कोर्टात एकमेकांकडे न पाहणारे दोघं, एकामागून एक, भलतंच वेडंवाकडं चालत होते. थोडं पुढे, मग डावीकडे, मग पुन्हा पुढे, एके ठिकाणी दोघांनी चपला काढून हातात घेतल्या, थोडं चालून परत घातल्या. मला आधी वाटलं, दोघं मिळून पाहणीला आलेल्या कोर्टाच्या कमिशनरला फसवताहेत, आतून तडजोड झालेली आहे. माझा संशय कुठं धावला पाहा. विचारलं गौरीनं. “आजोबा, तुम्ही सरळ का नाही चालत?”

“हा रस्ता आहे, बाई,” नानाजी म्हणाला. “इकून रस्ता, तिकून वेशीची गल्ली. आतंच मारुतीच्या पारावरून आलो ना आपण.”

“पण इथं तर काहीच नाही.”

“म्हणून का लोकाईच्या घरातून जाचं?” नानाजी म्हणाला, आणि हे सांगताना तो माझ्याकडे पाहत होता. मी भागीरथेच्या, म्हणजे त्याच्याच सुनेच्या, माजघराच्या मधोमध उभा होतो असं मागून सेवादासनं मला हळूच सांगितलं. मी बाजूला झालो. का झालो ते मला आजही सांगता येणार नाही, पण झालो. दावा पुढे दोघांनी आपसांतच मिटवला, आणि तो माझ्या डोक्यातून गेला. गौरीच्या डोक्यातून गेला नव्हता.

तिथं लंडनमध्ये ती तेच सांगत होती. त्या चिखलात घर नव्हतं, पण घरातून कुणी जात नव्हतं, असं म्हणाली. हद्द जमिनीत नसते, शेजाऱ्यानं ती मानण्यात असते, असं म्हणाली. आम्ही तुमच्याकडे नवीन काही मागत नाही, फक्त आमच्या घरातून चालत जाऊ नका, असं म्हणाली. आम्ही, आमच्या. भारताच्या पाटीमागच्या त्या बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. शर्टवाल्यानं मान खाली घातली होती आणि हाताच्या तळव्यानं तो टेबल चोळत होता, पुन्हा पुन्हा, जणू त्यावर काही सांडलं आहे. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढच्या देशाचं नाव घेतलं.

युक्तिवाद चांगला झाला होता. एवढं तर शत्रूलाही कबूल करावं लागतं. पण माझं मन काही स्वच्छ होईना. वडील वकील आहेत असं ती म्हणाली, वडील त्या वेळी माजघरात चपला घालून उभे होते हे तिनं सांगितलं नाही. सोडून दिलं, की झाकलं? दयेनं, की त्या गोष्टीत मला जागाच नव्हती म्हणून? बापाची गोष्ट घेऊन ती परक्यांच्या पंक्तीला जाऊन बसली, असं म्हणावं तर ती गोष्ट तरी माझी कुठं होती. नानाजीची होती. मग तिनं माझं काय नेलं? या प्रश्नावर मी अडकलो, आणि कुंदानं दिवा लावला तरी तसाच बसून होतो. बाहेर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक दिग्रसकडून येऊन वळणावर धापा टाकत होता. मी मनात प्रश्न लावून घेतले. नागरिकत्व. मानधन. तो कोण, कधीपासून, आईला केव्हा सांगितलं. शेवटी, मला का नाही. क्रम असा की सुटायला वाट राहू नये.

जेवणाआधी तिचा फोन आला. कुंदानं तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

“बाबा, तुम्ही पाहिलं ना?”

“पाहिलं.”

“रागावले?”

मी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं. नागरिकत्वाचा होता. पण माझ्या तोंडून आला तो भलताच, स्थळ सांगून आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे कुणीही पहिल्यांदा विचारतो तो. “त्याचं गाव कोणतं?”

आईनं मला काय सांगितलं असेल याचा अंदाज तिकडे ती घेत असावी. मग तिनं त्याचं नाव सांगितलं, तेकाई, आणि एका बेटाचं नाव सांगितलं.

“राहतो कुठं?”

“न्यूझीलंडला. लहानपणापासून मामाकडे. बाबा, गाव आता नाही त्यांचं. म्हणजे आहे, पण पाण्यात आहे. आजीचं घर, देऊळ, सगळं.”

मग गाव ते कसं सांगतो, हा पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. क्रमानं तोच येत होता. मी तो गिळला. कुंदा माझ्याकडे पाहत होती, पदराचं टोक मुठीत धरून, आणि माझ्या लक्षात आलं की तीसुद्धा घाबरलेली आहे. माझ्या पुढच्या एका वाक्यासाठी दोघी, बहुधा तिघंही, जीव मुठीत धरून बसले होते. ते वाक्य मी कोर्टातलं काढलं तर लांब पलंग रिकामा राहणार होता आणि गौरी रविवारी एकटी येऊन, हार घालून घेऊन, एकटीच परत जाणार होती. पुन्हा कधी यायची कोण जाणे.

“उन्हाळ्यात तरी दिसतं का?” मी विचारलं.

“काय?”

“गाव. पाणी उतरल्यावर.”

“नाही, बाबा,” गौरी म्हणाली. “समुद्र उतरत नाही ना.”

हे मला ठाऊक असायला हवं होतं. धरणाकाठच्या माणसाला पाणी उतरायची सवय असते, त्यामुळे सुचलं नाही. मी म्हटलं, “मग मेमध्ये आण त्याला. रविवारी येत असेल तर येऊ दे, पण मेमध्ये पुन्हा आण. सोनडोहला नेऊ. तेव्हा गल्ल्या मोकळ्या होतात.” हे मी का बोललो? त्याला पारखायलाही बोललो असेन, खरं सांगतो. माझा मलाही पूर्ण भरवसा नाही.

तिनं ते त्याला सांगितलेलं ऐकू आलं. मला वाटलं, हसताहेत. मग त्याचा जाड, हळू आवाज आला, काहीतरी विचारत होता, आणि गौरीनं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

“बाबा, तो विचारून राहिला आहे,” ती म्हणाली, “की तिथं कोणाच्या घरातून जावं लागलं, तर आधी कोणाला विचारायचं?”

कुंदानं पदर तोंडाला लावला. नानाजी जाऊन बरीच वर्षं झाली. सेवादास पुसदला मुलाकडे असतो. नानाजीची सून भागीरथा तेवढी पुनर्वसनात आहे.

“मी विचारून ठेवतो म्हणावं,” मी म्हटलं.